असे समजावे

३ जून

चि. बुडव्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण हे पत्र आशीर्वाद द्यायला लिहिलेलं नाही. तुझ्याकडे काम आहे. फोनच करणार होते, पण पुस्तक चालू असलं की तू फोन पिठाच्या डब्यात ठेवतोस असं मामीने सांगितलं. मामी बिचारी पीठ मळायला घेते आणि डबा वाजायला लागतो. तेव्हा म्हटलं, लिहावं.

तुझं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मला त्याची लाज नाही. समुद्र चढतो, चंद्र फुटतो, शहरंच्या शहरं बर्फाखाली जातात. उभा जन्म हॉस्पिटलात काढलेल्या बाईला हे वाचून करायचंय काय? सकाळच्या राउंडला मला रोज एवढं दिसतं की चंद्र फोडायची गरजच पडत नाही. पण तुझी आतेबहीण म्हणून हक्काने सांगते, तुझ्या त्या धंद्याची मला आता गरज पडली आहे.

गेल्या वर्षापासून आपत्ती-सरावाचं लचांड माझ्या गळ्यात आहे. मेट्रन म्हणजे कुणालाच नको असलेलं काम ठेवायची खुंटी. वर्षातून एकदा सायरन वाजवायचा, माणसांना बाहेर काढायचं आणि तसा अहवाल पाठवायचा. सूचना मी लिहिते. ‘दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे असे समजावे. लिफ्ट बंद आहे असे समजावे.’ बुडव्या, कोणीही काहीही समजत नाही. गेल्या खेपेला सायरन वाजला तेव्हा आमच्या सर्जनांनी चहा संपवला, दुसरा मागवला. एका वॉर्डबॉयला पेशंट म्हणून स्ट्रेचरवर झोपवलं होतं, त्याला जिन्याच्या वळणावर ठेवून लोक गप्पा मारत खाली गेले. तो तिथेच घोरत राहिला. अधीक्षकसाहेबांनी ‘सराव समाधानकारक’ असं लिहून सही ठोकली.

मला हसू येत नाही, कारण माझा चौथा मजला आहे. ज्यांना स्वतःच्या पायाने उठता येत नाही असे सगळे तिथे आहेत. कुणाचा मणका गेलाय, कुणाचं खुब्याचं हाड जुळत नाही. लिफ्ट बंद पडली तर त्यांना खाली आणणार कोण? हा वॉर्ड तळमजल्यावर आणा म्हणून मी साहेबांच्या मागे लागले आहे. तळमजल्यावर त्यांचं ऑफिस आहे, जुन्या केसपेपरांच्या खोल्या आहेत. कागदांना चालता येत नाही म्हणून ते खाली, आणि माणसांना चालता येत नाही म्हणून ती वर! साहेब म्हणतात, ‘सरावात अडचण दिसू दे, मग बघू.’ आता सराव हा असा. त्यात अडचण दिसणार कशी?

तर गोष्ट अशी झाली. त्याच सायरनच्या वेळी चौथ्या मजल्यावरची एक सिस्टर जागची हलली नव्हती. तिला आम्ही पुस्तकी म्हणतो. मी झापायला गेले तर ही तुझं पुस्तक वाचत होती, डोळ्यांत पाणी, हातपाय गार. म्हणे, ‘मॅडम, ती माणसं अजून गच्चीवरच आहेत हो!’ खरा सायरन कानाशी वाजतोय तो तिला ऐकू येत नाही, आणि खोट्या गच्चीवरच्या खोट्या माणसांसाठी जीव तळमळतोय. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घर करून आहे ते हेच. तू त्यात असं काय घालतोस?

सप्टेंबरात तपासणी समिती येणार आहे, त्यांच्यासमोर सराव आहे. तू मला सूचना लिहून दे. इमारतीचा नकाशा सोबत आहे, कोण कुठे काम करतं तेही लिहिलंय. नाही म्हणू नकोस. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

तुझी,
अक्का

---

१२ जून

अक्के,

पत्र वाचून आधी खुर्चीत नीट बसलो. सगळ्या लग्नाकार्यांत ज्या बहिणीने माझी ओळख ‘हा आमचा बुडव्या, घरबसल्या जग बुडवतो’ अशी करून दिली, ती आज म्हणते लिहून दे. हे पत्र मी चौकटीत घालून लावणार आहे. भावोजी आले की त्यांना दाखवीन.

तू काय घालतोस म्हणून विचारलंस, तर ऐक. लोकांना वाटतं वाचक प्रलय बघायला येतो. अजिबात नाही. प्रलय पहिल्या दहा पानांत आटपतो, पुढची सगळी पानं वाचक स्वतःला बघत असतो. मी असतो तर काय उचललं असतं? कुणाला हाक मारली असती? मी आधी पळालो असतो का? रोजच्या जगण्यात हे कुणी कुणाला विचारत नाही. ऑफिसात गेलं, घरी आलं, माणूस धीराचा की भित्रा हे त्याचं त्यालाही कळत नाही. माझ्या पुस्तकात दीडशे पानांत कळतं, आणि पलंगावर पडल्या पडल्या कळतं. शिवाय एक गंमत सांगतो. रोजच्या जगात चादरी धुणाऱ्याकडे कोण बघतं? पण पाणी चढायला लागलं की चादरीची दोरी होते आणि तो माणूस राजा होतो. प्रलयाच्या गोष्टीत कुणीच फालतू नसतं. म्हणून ती गोड लागते.

तुझ्या सूचनेत खोट काय ते सांगू? तू आग लावतेस. आग सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिच्यावर नियमावली आहे, तिचा कंटाळा आलाय. माणसाला जागं करायचं तर कुणीच नियम न केलेलं संकट हवं. म्हणून मी तुमच्या हॉस्पिटलवर हवा सोडली आहे. जड हवा. आकाशातून धूळ उतरते, जमिनीलगतची हवा पाण्यासारखी दाट होते, आणि एकेक मजला चढत वर येते. आत गेला तो गुदमरला. खाली पळायची सोय नाही.

दुसरं असं की सगळं एकदम देऊ नकोस. प्रकरण एक पाठवतोय, कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर लाव. तुझीच माणसं घेतली आहेत, नाव कुणाचं नाही, पण प्रत्येकाला आपण ओळखू येऊ. लिफ्टवाला पहिल्याच प्रकरणात जातो. कुणीतरी जावंच लागतं, त्याशिवाय वाचक सरळ बसत नाही.

तुझा,
बुडव्या

---

३० जून

चि. बुडव्या,

मेल्या, काय करून ठेवलंस हे!

प्रकरण लावलं त्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाल्याने वाचलं आणि सगळीकडे सांगत सुटला की लिफ्टवाला मेला. लिफ्टवाला जिवंत, लिफ्टमध्ये उभा, आणि बायका त्याच्याकडे बघून हळहळतायत. तो तणतणत माझ्याकडे आला. ‘मॅडम, मी मेलो ते मेलो, पण एक वाक्य न बोलता? आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली म्हणून मेलो? ती अडकली तर दार हाताने उघडायची किल्ली असते माझ्याकडे!’ म्हटलं, दाखव किल्ली. सगळे खण उपसले, सापडेना. शेवटी त्याच्याच जुन्या कोटाच्या अस्तरात निघाली. आता ती गळ्यात घालून हिंडतो आणि दिसेल त्याला दाखवतो.

दुसऱ्या प्रकरणात तू सर्जनांना रडवलंस. तेही आले. ‘मी कधी रडत नाही’ म्हणाले. तेवढं म्हणून थांबले असते तर बरं, पण ऑपरेशन अर्धं असताना वीज गेली तर मी काय करेन हे त्यांनी मला उभ्याउभ्या अर्धा तास सांगितलं. गेल्या सरावात ह्याच माणसाने दुसरा चहा मागवला होता. स्वयंपाकघरातल्या बाईंचं म्हणणं, हवा जड असो की हलकी, मी गॅस चालू ठेवून पळेन हे शक्यच नाही, लेखकाला कळवा. कळवलं.

पण एक चूक मी पोटात घालणार नाही. चौथ्या मजल्यावरची सिस्टर पेशंट टाकून पळाली असं तू लिहिलंस. पुस्तकी दोन दिवस जेवली नाही. तुझी एवढी भक्त, पण म्हणाली, ‘हवा पाण्यासारखी झाली हे मी मानते. मी पळाले हे नाही मानत.’ फळ्यावर त्या ओळीभोवती कुणीकुणी लाल शाईने गोल केले आहेत. सर्जनांचं अक्षर मी ओळखते.

ते बदल. आणि पुढचं लवकर पाठव. साहेबांनी ‘हे कसले चाळे’ म्हणून फळ्याकडे पाठ फिरवली, पण जेवणाच्या सुटीत सगळे गेले की जाऊन वाचतात. मी खिडकीतून पाहिलंय.

अक्का

---

८ जुलै

अक्के,

सिस्टरसाठी माझा माफीनामा सोबत. तिला सांग, लेखक चुकला, आता ती पळत नाही, उलट इतरांना वर ओढून घेते. तिने एका वाक्यात माझ्या धंद्याचं मर्म सांगितलं. वाचक कसलंही आकाश कोसळू देतो, पण माणूस खोटा वागला की पुस्तक भिंतीवर मारतो. वीस पुस्तकं लिहून मी जे शिकलो ते तिने एका उपवासात सांगितलं, म्हणजे बघ.

लिफ्टवाल्याला जिवंत करता येणार नाही, मेलेला माणूस परत आला तर माझी पत जाईल. पण तो मरताना बोलतो असं मागे जाऊन घातलंय. चांगलं वाक्य दिलंय.

तिसरं आणि चौथं प्रकरण एकदम पाठवतो, हात असा चालतोय की थांबवत नाही. हवा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आहे. सगळे धावत वर जातायत, कुणी पाणी घेऊन, कुणी औषधं. चौथा मजला म्हणजे आता बेट झालंय. शेवटी साहेब स्वतः पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन जिना चढतात. तुमचा साहेब फळ्याकडे पाठ फिरवतो म्हणालीस ना? आता बघ कसा तोंड फिरवतो.

प्रकाशकाने विचारलं काय चाललंय. म्हटलं, बहिणीचं घरकाम.

बुडव्या

---

२६ जुलै

बुडव्या,

आज आशीर्वाद नाहीत.

पहिलं पत्र पुन्हा काढून वाच. मी चौथ्या मजल्याबद्दल काय लिहिलं होतं? पेशंट खाली आणायचे आहेत म्हणून लिहिलं होतं. तू ते परीक्षणं वाचतोस तसं वाचलंस, स्वतःचं नाव शोधत. आणि चौथा मजला सगळ्या जगातली सुरक्षित जागा करून मोकळा झालास.

सोमवारी बैठक होती. मी वॉर्ड हलवायचा विषय काढला. साहेब खुर्चीत रेलले, चेहरा नुसता फुललेला, कॅन खांद्यावर घेतल्यापासून ते असेच बसतात. म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याच गोष्टीत वरचा मजला वाचतो. मग पेशंटना खाली आणून जड हवेत घालायचं का?’ सगळी बैठक हसली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेला लिफ्टवालासुद्धा! मी सांगितलं की हवा जड होणार नाही, आग लागेल. मला कुणी विचारलं नाही. तुझी खोटी हवा त्यांना खरी वाटते आणि माझी खरी आग खोटी. करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते असं.

परवापासून मी झोपलेली नाही. वर जाते तेव्हा शिवणवाल्या आजी विचारतात, ‘मॅडम, आम्ही खाली जाणार होतो ना?’ जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता पलंगावर पडून रिकाम्या बोटांनी चादरीची कड दुमडत असतात. त्यांना मी काय सांगू? की तुम्ही बेटावर आहात?

तू केलंयस, तू निस्तर.

अक्का

---

१ ऑगस्ट

अक्के,

चुकलो. वाचलं पुन्हा, चार वेळा वाचलं. तू बरोबर आहेस, मी पत्रात स्वतःला शोधत होतो. लाज वाटली.

आता रडून उपयोग नाही, निस्तरतो. तुला वाटेल की हवा हलकी कर आणि आग लाव, झालं. तसं करता येत नाही. मध्येच संकट बदललं तर वाचक म्हणतात लेखकाने हात टेकले, आणि उद्या फळ्याकडे कुत्रंही फिरकणार नाही. माझ्या धंद्यात संकट बदलायचं नसतं, त्याचं पुढचं पाऊल टाकायचं असतं. जड हवा वर गेली ना? मग ती कुठेतरी जाणार. ती खाली उतरते आणि जमिनीत मुरते. जमीन मऊ होते. इमारत एका बाजूला कलायला लागते. जो मजला सर्वांत सुरक्षित होता तोच आता सर्वांत आधी कोसळणार. आता सगळ्यांनी खाली उतरायचंय, जिन्याने, कारण लिफ्ट लिफ्टवाल्यासकट गेली.

ज्यांना पाय आहेत ते उतरले. पाचवं प्रकरण इथे संपतं, आणि पुस्तकही. शेवट मी लिहिणार नाही. शेवट सप्टेंबरात तुझी माणसं करतील. प्रकरणाखाली फक्त एवढं लिहायचं की पुढचं प्रकरण सरावाच्या दिवशी, चौथ्या मजल्यावर. शपथेवर सांगतो, त्या दिवशी कुणी रजा घेणार नाही.

आणि साहेबांचं काय केलंय ते ऐक. त्यांना मी खलनायक करू शकलो असतो, तुझं पत्र वाचून हात शिवशिवत होता. पण ज्याला वाईट रंगवला तो गोष्टच सोडून जातो. म्हणून साहेब शेवटचा कॅन वर आणताना पडतात आणि त्यांचा पाय मोडतो. मोठा धीराचा प्रसंग आहे, वाचून त्यांची छाती फुगेल. पण त्यामुळे ते आता चौथ्या मजल्यावर आहेत, पलंगावर, आणि त्यांना उठता येत नाही. सरावात ती भूमिका दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस. समितीसमोर साहेबांनी स्वतः भाग घेतला म्हणजे केवढी शोभा, असं सांग. तुला सांगायला शिकवायला नको.

बुडव्या

---

२० ऑगस्ट

चि. बुडव्या,

आशीर्वाद परत चालू.

पाचवं प्रकरण लावलं आणि फळ्यापुढे एवढी गर्दी झाली की कॅन्टीनवाल्याने बाक बाहेर आणून टाकले. एक्स-रेवाल्याने मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ वाचून झाली. मग स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, ‘आणि वरचे?’ सर्जन म्हणाले, ‘ते आपल्यावर आहे म्हणतो लेखक.’ त्याच दुपारी धुलाईवाले माझ्याकडे आले, चादरीत माणूस कसा बांधून उतरवायचा ते दाखवा म्हणून. मला आयुष्यात कुणी असं आपण होऊन विचारलं नव्हतं.

साहेब तयार झाले. आधी म्हणाले, ‘मी? पलंगावर?’ मी म्हटलं, ‘साहेब, पाय तुमचाच मोडलाय, दुसरा कुणी कसा झोपेल?’ दोन दिवसांनी स्वतःच विचारायला आले की कुठला पाय. मी डावा म्हणून सांगितलं.

पण एक सांगते. खऱ्या पेशंटना सरावात हलवायचं नाही असा नियम आहे आणि तो योग्य आहे. त्यांच्या वॉर्डात रिकामे पलंग लावून आमची माणसं पेशंट म्हणून झोपणार. मी धीर धरून आहे. तुझ्या गोष्टीवर माझा विश्वास बसलाय असं नाही, माझ्या माणसांवर बसलाय.

अक्का

---

२८ सप्टेंबर

अक्के,

सराव होऊन किती दिवस झाले! तुझी एक ओळ नाही. फोन डब्यातून काढून झटकला, पीठ निघालं, तू निघाली नाहीस. वीस पुस्तकं मी लोकांना टांगून ठेवलं, त्या सगळ्यांचा सूड तू एकटी घेतेयस. काय झालं वर? आले का सगळे खाली? जेवण जात नाही. एक कार्ड टाक.

बुडव्या

---

६ ऑक्टोबर

चि. बुडव्या,

हो, हो, सांगते. उशीर का झाला तेही सांगते. पहिल्यापासून ऐक, मध्ये पान उलटून शेवट बघू नकोस. तू वाचकांना असंच बजावतोस, असं पुस्तकी म्हणाली.

सरावाच्या दिवशी सायरन वाजायच्या आधीच लोक जिन्यात येऊन उभे. सुटीवर असलेल्या दोघी सिस्टर साध्या कपड्यांत आल्या. सर्जनांनी चहा घेतला नाही. लिफ्टवाला लिफ्टला कुलूप लावून, पाठ टेकून उभा राहिला आणि मोठ्याने आपलं मरतानाचं वाक्य म्हणाला. समितीचे दोघे साहेब दचकले. मग सायरन झाला आणि जे सुरू झालं ते मी सांगून तुला खरं वाटायचं नाही. कुणी हसत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. धुलाईवाल्यांनी चादरी पुरवल्या, स्वयंपाकाच्या बाई गॅस बंद केल्याचं ओरडून सांगत वर आल्या. तिसऱ्या मजल्याखालच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं, वळेना. तेव्हा स्ट्रेचर सोडून चादरीची झोळी केली आणि माणूस त्यातून उतरवला. एकीकडे सर्जन, दुसरीकडे एक्स-रेवाला. समितीवाला लिहीत होता, त्याला सर्जनांनी ‘बाजूला व्हा!’ म्हणून असं काही झाडलं की तो भिंतीला चिकटला.

साहेब सगळ्यांत शेवटी राहिले. अंगाने थोराड, त्यांना उचलायला चौघे मोकळे व्हायला हवेत. तेवढा वेळ ते वॉर्डात पडून होते, शिवणवाल्या आजींच्या शेजारी. तिथे काय झालं ते मला नंतर साहेबांनीच सांगितलं. सरावाचे सगळे पलंग रिकामे होत गेले, आवाज खाली खाली गेला, आणि ह्यांना एकाएकी भीती वाटली. खोटा पाय, खोटा सराव, तरी वाटली. आपल्याला विसरले तर? उठायचं नाही असा नियम, तो मोडायची लाज वाटली. आजींनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘घाबरू नका साहेब, तुम्हाला न्यायला येतील.’ तेवढ्यात आलेच चौघे. झोळीत घेताना साहेबांचे पाय उघडे पडले, तर आजींनी पलंगावरूनच हात लांब करून चादर नीट केली. म्हणाल्या, ‘जिन्यात गार लागतं. सावकाश जा हो.’ आणि बाकीचे सगळे, ज्यांच्या माना वळत होत्या ते, ह्यांना जाताना बघत राहिले.

खाली पोचले. समितीने टाळ्या वाजवल्या. असा सराव आम्ही पाहिला नाही, उत्कृष्ट म्हणून लिहितो, म्हणाले. मी शिटी तोंडाला लावली, सराव संपल्याची. साहेब झोळीतून उठले नव्हते. तिथूनच म्हणाले, ‘थांबा. वरचे कधी येणार?’ समितीवाल्यांना वाटलं गोष्टीतलंच बोलतायत. हसून म्हणाले, ‘सगळे आले, साहेब. वर आता फक्त खरे पेशंट आहेत. ते सरावात नाहीत.’

‘हो ना,’ साहेब म्हणाले. ‘खरे तेवढे वर राहिले.’

बुडव्या, इतकी वर्षं मी ही गोष्ट त्या माणसाला आकडे देऊन, अर्ज देऊन, भांडून सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला काही सांगावंच लागलं नाही. शिटी माझ्या हातातच राहिली. मी तिथे जिन्याच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. माझ्या शेजारी सर्जन बसले. त्यांचं काय झालं ते मी लिहिणार नाही, त्यांनी तसं सांगितलंय.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी स्वतःचं टेबल उचलायला लावलं. कागद, कपाटं, ऑफिस सगळं चौथ्या मजल्याच्या व्हरांड्यात गेलं. तळमजल्याच्या भिंतींना रंग काढला, दारं रुंद केली, घंटा बसवल्या. त्यातच मी बुडालेली होते, म्हणून पत्र नाही. आणि काल आम्ही वॉर्ड खाली आणला. लिफ्टने, सावकाश, एकेक करून, घाई काही नव्हती. लिफ्टवाल्याने प्रत्येकाला ‘आलं बरं का तळ’ म्हणून सांगितलं. पाळी संपलेले लोकसुद्धा घरी न जाता दारात उभे होते. पुस्तकीने मला विचारलं, लेखकांना शेवट कळवायचा ना? म्हटलं, मीच कळवते. आणि हो, तुझं ते समुद्राचं पुस्तक तिने मला दिलंय. गच्चीपर्यंत आले आहे. मध्ये बोलू नकोस.

शिवणवाल्या आजींचा पलंग खिडकीशी लावला. खिडकीबाहेरून रस्ता जातो. वर होत्या तेव्हा त्यांना आकाश दिसायचं, आणि मान उंचावली तर खाली टाचणीच्या टोकाएवढी माणसं. काल संध्याकाळी कामावरून सुटलेले लोक खिडकीलगत चालले होते, पिशव्या घेतलेले, मुलांना कडेवर घेतलेले. मी उशी नीट करत होते. आजींनी माझा हात धरला आणि बाहेर बघतच राहिल्या.

‘मॅडम,’ त्या म्हणाल्या, ‘माणसं केवढी मोठी असतात हो!’

तुझी,
अक्का